टिकलीएवढा बार

३ डिसेंबर

पुण्याला जाऊन हात हलवत परत! सकाळची पहिली एसटी, पौडला बदली, मग शहरातली पायपीट. जुन्या दुकानाचा मालक वारला, आता काउंटरवर त्याचा जावई बसतो. म्हणालो, टोप्या द्या. तो म्हणतो, ‘काका, टोप्या-मफलर पलीकडच्या गल्लीत.’ बंदुकीचं दुकान चालवतो आणि बंदुकीची टोपी ठाऊक नाही! मग मीच समजावत बसलो – ठासणीची बंदूक, तोंडातून दारू ठासायची, घोड्याखाली तांब्याची एवढीशी वाटी बसवायची. घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी आत जाते आणि बार होतो. ती टोपी. तो हसला. ‘ते आता कोण वापरतं? माल यायचाच बंद झाला.’

आबा ओट्यावर वाट बघत होते. काय झालं ते मीच सांगितलं. ‘बरं,’ म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. जेवायलाही उठले नाहीत.

४ डिसेंबर

काल डोकं फिरलेलं. आज नीट लिहितो.

माघी पौर्णिमेला वाघजाईची जत्रा. पालखी देवळातून उठते ती आमच्या घरच्या बारावर. बार झाला की उठते, नाही झाला तर नाही. आजोबांनी काढला, मग माझ्या वडिलांनी, आबांनी – मी जन्मायच्या आधीपासून. गोळी नाही, छर्रा नाही, नुसती दारू. पण वाजली की अख्खं खोरं घुमायचं.

गेल्या वर्षी घोडा तीनदा पडला आणि तिन्ही वेळा नुसतं ‘खट्’. टोप्या जुन्या, आमच्याकडच्या पावसाळ्यात डब्यातल्या डब्यात सादळलेल्या. माणसं पालखीला खांदा लावून उभी, बाया हसायला लागल्या. शेवटी शैलेशच्या – म्हणजे माझ्या चुलतभावाच्या – पोरांनी सुतळी बॉम्ब फोडला आणि पालखी उठली. आबा बंदूक घेऊन तिथंच उभे. त्यानंतर देवळाची पायरी चढलेले नाहीत.

गावानं आमचं नाव ठेवलंय – फुसका बार. परवा किराणा दुकानात शिरलो तर कुणीतरी आतून, ‘आला बघा फुसका बार!’ साखर न घेताच आलो. घरी येऊन बायकोवर ओरडलो, उषावर. तिचा काय दोष? पण ओरडलो.

यंदा बार झाला नाही तर मान शैलेशकडं. पंचांनी तसं सांगितलंय. आबा ब्याऐंशीचे.

आणि माझं? इथं खोटं कशाला लिहू. मी अठ्ठावन्नचा झालो. आबांनी बंदूक पुसायला दिली, तेल लावायला दिली, घोडा ओढायला कधी दिली नाही. वाटतं, टोपी मी आणली तर एकदा तरी म्हणतील – घे येकनाथा, औंदा तू काढ.

७ डिसेंबर

उभा जन्म पिरंगुटला टूलरूममध्ये काढला. मायक्रॉनची कामं केली. एक तांब्याची वाटी जमू नये?

आबांना म्हणालो, मी करतो टोप्या घरी. आबांनी खालून वर बघितलं. ‘तुला जमंल?’ मेडल मिळालं होतं मला कंपनीत! पण ह्यांच्या लेखी अजून मी ढेकूळ फोडणाराच.

१० डिसेंबर

सगळ्या वाट्या कडेला फाटल्या.

१४ डिसेंबर

वाट्या जमल्या! आज घोड्याखाली बसवून बघितली – अंगठी बसावी तशी बसली. आबांनी उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिली. ‘चांगली हाय.’ ह्या दोन शब्दांवर मी दिवसभर शीळ घालत फिरलो.

आता आतला मसाला. त्याबद्दल इथं एक अक्षर लिहिणार नाही. वही कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही, आणि गावात रिकामटेकडे कमी नाहीत.

१६ डिसेंबर

टिकल्या हव्यात. दिवाळी होऊन गेली, पौडच्या दुकानात एक पाकीट नाही. आमची पल्लवी नांद्यात राहते, हिंजवडीला नोकरीला. शनिवारी येते म्हणाली होती. टेकाडावर चढून फोन लावला. रेंज येतेय-जातेय. ‘पप्पा, आवाज तुटतोय!’ शेवटी बोंबललो, ‘येताना टिकल्या आण! टि-क-ल्या!’ तेवढं पोचलं.

२० डिसेंबर

पोचलं खरं!

पल्लवीनं पिशवीतून दोन पाकिटं काढली. एक मखमलीच्या, एक खड्यांच्या. कपाळाच्या! मी बघतच राहिलो. ती डोळे मिचकावून हळूच म्हणते, ‘आईला तुम्हीच द्या. कसले रोमँटिक झालात तुम्ही!’

उषा पाठीमागंच उभी. मी पाकिटं पुढं केली. दुसरं काय करणार? तिनं पदराला हात पुसले आणि घेतली. ‘लग्नाला तीस वर्षं झाली. पहिल्यांदा कायतरी आणलंत हो माझ्यासाठी.’ डोळ्यांत पाणी! पल्लवी मोबाईलवर फोटो काढतेय.

खरं सांगायचं धाडस झालं नाही.

२१ डिसेंबर

उषानं हिरवी मखमलीची लावली. बाकीच्या आरशावर चिकटवून ठेवल्यात. बरी दिसते. बरी काय, छानच दिसते.

२७ डिसेंबर

कपाळाच्या टिकल्यांनी बंदूक उडत नाही. पुन्हा टेकाडावर जाऊन पल्लवीला फोन. ‘अगं, त्या कपाळाच्या नव्हेत! पोरं पिस्तुलात फोडतात त्या! कुठल्याही फटाकेवाल्याकडं बघ.’ पलीकडून ती हसतेय, हसतेय, थांबायलाच तयार नाही. मागं वळलो तर उषा. डोक्यावर सरपणाचा भारा.

‘म्हंजे त्या माझ्यासाठी न्हवत्याच!’

‘तसं नाही गं –’

‘कळलं मला. बंदुकीला टोप्या करता करता बायकोलाच टोपी घातलीत की!’

भारा तिथंच टाकला आणि गेली. मी उचलून आणला. मान अजून दुखतेय.

२८ डिसेंबर

चहाचा कप असा आदळला की निम्मा बशीत. आरशावर एकही टिकली नाही. जुनी लाल लावलीय.

आबा म्हणाले, ‘काय झालं रं तिला?’ सांगितलं तर फिदीफिदी हसले. वर्षभरात पहिल्यांदा हसले, तेही माझ्यावर.

५ जानेवारी

डाव्या हातानं लिहितोय, म्हणून अक्षर असं.

सकाळी पडवीत बसलो होतो. टोपी दाबताना वाजली. नुसती ‘टप्प’! डोळ्यांसमोर पांढरं झालं. अर्धी भुवई गेली, उजव्या अंगठ्यात तांब्याचा कपचा घुसला. डोळा थोडक्यात वाचला. टूलरूममध्ये पोरांना गॉगल लावा म्हणून शिव्या घालायचो, आणि स्वतः घरात उघड्या डोळ्यांनी बसलो होतो. अक्कल गहाण!

उषा पिठाच्या हातानं पळत आली. डॉक्टरांनी कपचा काढला, वर झापलं. घरी आल्यावर उषा फुटली. ‘मान गेला तर गेला. डोळा गेला असता म्हंजे? कुणाच्या डोळ्यांनी बघणार होता जत्रा?’ मग रडली. मला जवळ घेऊन रडली. आठ दिवसांचा अबोला असा सुटला.

मीही घाबरलो. कबूल करतो.

आबा आत आले, अंगठ्याकडं बघितलं आणि म्हणाले, ‘बंद कर ह्ये. देवीला मी सांगतो काय सांगायचं ते.’

केलं बंद. झाल्या आहेत तेवढ्या झाल्या. नवी एकही करणार नाही. उषाला शब्द दिलाय.

११ जानेवारी

झालेल्या निदान वाजतात का ते तरी बघावं. उषानं आधी गॉगल लावायला लावला, मला आणि आबांनाही! आबा त्या गॉगलमध्ये असे दिसत होते की हसू आवरेना.

नळी रिकामी. आबांनी टोपी बसवली, घोडा ओढला. पहिली – खट्. दुसरी – टच्च! खणखणीत! आबांनी बंदूक खाली घेतली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

मी म्हणालो, ‘आबा, एक मी बघू का ओढून?’

‘टोप्या वाया घालवू नगं,’ म्हणाले आणि बंदूक आत घेऊन गेले.

तरी झालं! यंदा बार होणार! दुकानात मुद्दाम जाऊन साखर आणली.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घ्या, गोड बोला – कसलं गोड बोलता!

जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. आचारसंहिता. पोलीस पाटील तिळगूळ द्यायला आले आणि जाता जाता म्हणाले, ‘आबा, बंदूक जमा करावी लागंल पौडला. लायसनवाल्या समद्यांना सांगावा हाय.’ परत कधी मिळणार? निवडणूक झाल्यावर. आणि जत्रा मतदानाच्या आधी!

तिळाची वडी तोंडात होती. गिळली नाही, थुंकली.

१७ जानेवारी

पौडला जाऊन आलो. आबांनी बंदुकीला रात्रीच खोबरेल लावून ठेवलं होतं, जुन्या धोतरात गुंडाळली होती, लेकीला सासरी पाठवावं तशी. ठाण्यात साहेबांना मी हात जोडून म्हणालो, जत्रेच्या दिवसापुरती द्या, संध्याकाळी आणून देतो. साहेब चांगले वागले, खुर्ची दिली आबांना. पण म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा.

हवालदारानं विचारलं, ‘दारू, टोप्या काही आहे का घरी?’ आबा तोंड उघडणार तोच मी म्हणालो, ‘दुकानात मिळतच नाहीत हो आता.’ हे काही खोटं नाही.

एसटीत आबा मांडीवर नुसतं धोतर घेऊन बसले होते.

१८ जानेवारी

दीड महिना! भुवई गेली, अंगठा गेला, बायको रुसली – आणि बंदूक सरकारच्या कपाटात. हसावं की कपाळ बडवावं!

२५ जानेवारी

शैलेश आला होता. वाईट माणूस नाही तो, पण बोलतो असा की समोरचा पेटावा. ‘दादा, टेन्शन नका घेऊ. डीजेवर तोफेचा आवाज टाकतो. एक नंबर घुमेल!’ आबांनी त्याला चहा दिला आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

तो गेल्यावर माझा तोल सुटला. टोप्यांची डबी काढली, पायरीवर एक ठेवली, हातोडी घेतली. ‘बघा आबा! बघा काय चीज वाया गेली!’ आणि मारली. टच्च! कोंबड्या छपरावर. आतून उषा ओरडली, ‘गॉगल!’

आबा सरळ उठून बसले. ‘परत मार.’

परत मारली. टच्च!

‘ह्योच बार,’ आबा म्हणाले.

‘आबा, हा टिकलीएवढा आवाज! लोक हसतील.’

‘हसू दे. बार काढायचा मान हाय आपला. बंदूक न्यायचा न्हाई. वाघजाईनं कुटं म्हटलंय, केवढा वाजला पायजे ते?’

मला पटलं नाही. पण आबा पंधरा दिवसांनी पोटभर जेवले. मग मी गप्प बसलो.

२८ जानेवारी

आज पंचांपुढं विषय. शैलेश हसला, ‘जनरेटरच्या आवाजात देवीला तरी ऐकू जाईल का?’ बाकीचेही फिसफिसले. माझे कान तापले.

निकाल गोमाच्या हाती. गोमा कातकरवाडीचा, पालखीचा पुढचा खांदा त्यांच्या घराचा. तो उठल्याशिवाय पालखी उठत नाही. गोमा तंबाखू मळत बसला होता. म्हणाला, ‘मला आवाज आला तर उचलीन. न्हाई आला तर न्हाई उचलणार. मंग त्यो आबाचा असू दे न्हाईतर शैलेशचा.’ आणि तंबाखू तोंडात टाकली. विषय संपला.

आबा मान डोलावत बाहेर पडले. मी मात्र सांगतो – ह्यापेक्षा बंदूक घेऊन फुसकं ठरणं बरं होतं. हातोडीनं फुसकं ठरलो तर गाव सोडावं लागेल.

१ फेब्रुवारी

जत्रा. सगळं लिहितो, जसं झालं तसं.

देवळापुढं ही गर्दी! पुण्यामुंबईची पोरं आलेली, प्रचाराच्या टोप्या घातलेले उमेदवार हात जोडत फिरताहेत, बंदोबस्ताला पौडचा तोच हवालदार. आबा वर्षानंतर पायरी चढले. धुतलेलं धोतर, फेटा, डोळ्यांवर गॉगल (उषाची अट!) आणि हातात माझी हातोडी. मागून कुणीतरी, ‘आबा वेल्डिंगला निघाले!’ हशा. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर हाणामारी झाली असती.

गोमा आणि तिघं पालखीला खांदा लावून वाकलेले. आबांनी पायरीच्या दगडावर टोपी ठेवली. पण ताशा चालू, पाळण्याचं इंजिन चालू, डीजे चालू. ह्यात काय ऐकू येणार? आबा हातोडी धरून नुसते उभे.

आणि मग शैलेश! होय, शैलेशच. डीजेवाल्याकडं पळत गेला आणि वायरच उपटली. ‘ये, गप बसा रे! समदे गप!’ ताशा थांबला. पाळणा थांबला. जनरेटर थांबला. एक पोर रडत होतं, त्याच्या आईनं त्याला पदराखाली घेतलं. आमच्या जत्रेत असली शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. लांब धरणाकडून टिटवी ओरडली, तीही ऐकू आली.

आबांनी हातोडी उचलली. हात असा थरथरत होता! पहिला घाव दगडावर. टोपी बाजूलाच. कुणी हसलं नाही. दुसरा घाव – टोपी उडून खाली पडली. मला वाटलं पुढं व्हावं, हातोडी घ्यावी. एक पाऊल टाकलंही. आबांनी न बघताच डावा हात आडवा केला – थांब.

डबीतली नवी टोपी काढली. ठेवली. वाघजाई, म्हटलं, आता तूच बघ.

टच्च!

एवढासाच आवाज. पण शेवटच्या माणसापर्यंत गेला. गोमा ओरडला, ‘आला! आवाज आला!’ आणि पालखी उठली! वाघजाईच्या नावानं चांगभलं! काय सांगू, ताशा फुटेल असा वाजला. बाया रडताहेत, शैलेश आबांच्या पाया पडतोय. मीही रडलो. गॉगल माझ्याकडंही होता, तो लावून घेतला.

हवालदार जवळ आला. मी घाबरलो. तो म्हणाला, ‘मी तिकडं तोंड करून उभा होतो. बघितलं काही नाही.’ मग वळता वळता, ‘ऐकलं मात्र. घरी असलं पुन्हा करू नका.’ नाही करणार म्हणालो. मनापासून.

उषानं आज खड्याची टिकली लावली होती. मला म्हणाली, ‘बगताय काय?’

२ फेब्रुवारी

गाव खूश. दुकानात चहा पाजला मला. डबीत अजून चार टोप्या उरल्यात. पण एक सलतंय, इथं लिहून मोकळा होतो. टोप्या माझ्या, जळलेली भुवई माझी. बंदूक सोडाच, साधी हातोडीसुद्धा आबांनी माझ्या हातात दिली नाही.

२० फेब्रुवारी

बंदूक घेऊन जा म्हणून पौडहून फोन आला होता. मी रजा टाकल्यासारखा सकाळपासून तयार. आबा म्हणाले, ‘मी एकटाच जातो.’ ऐकेनात.

दुपारच्या एसटीनं आले. रिकामे. बंदूक कायमची सरकारजमा केली, लायसनही परत. मला एका शब्दानं न विचारता! मी ओट्यावर उभाच राहिलो.

‘हात थरथरतोय माझा, बगितलंस न्हवं? शेत राखताना डुक्कर म्हणून कुणाला तरी मारंन येखाद्या दिवशी. आणि देवीला ऐकू आलं. मंग आता त्ये लोखंड कुणासाठी ठिवायचं?’ आबा आत गेले, हातोडी घेऊन आले आणि दांड्याकडून माझ्या पुढं धरली. ‘घे येकनाथा. फुडच्या माघात तू वाजव. हिला लायसन लागत न्हाई.’